फॉर्म रिकामा, टेबलात शून्य: ओलाव्याचा रकाना पुन्हा पुन्हा का बिघडतो

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. फॉर्ममध्ये आकड्याचा रकाना रिकामा सोडला की टेबलात गुपचूप ० जाऊन बसतो. किंवा मायएसक्यूएल हा डेटाबेस १३६६ नंबरची एरर देऊन 'इनकरेक्ट डेसिमल व्हॅल्यू' म्हणतं आणि पावती अडकते. किंवा मोबाइल नंबर नसलेला पहिला शेतकरी व्यवस्थित नोंदला जातो, पण दुसरा १०६२ची 'डुप्लिकेट एंट्री' खातो. दर वेळी तुम्ही शपथेवर सांगता, 'अहो, क्वेरी पॅरामीटरवाली आहे, सगळं बाइंड केलंय.' चौथं लक्षण राहिलंच: शोधाच्या पानावर गावाचा रकाना रिकामा ठेवला तर सगळ्या नोंदी यायला हव्यात, पण काही शेतकरी गायब असतात.

माझ्याकडे हे चारही झाले. जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगसाठी कापूस आवकीचा छोटा प्रोग्राम लिहिला होता, पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये. ट्रॅक्टर फाटकातून आला की काट्यावर भरलं वजन, मग ओलावा मोजायचा, गाडी खाली झाली की रिकामं वजन, शेवटी पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद. दिवाळीनंतर आवक वाढली की रांग रस्त्यावर जाते, आणि अशा वेळी मीटरची बॅटरी संपते. काट्यावरचा पोऱ्या ओलाव्याचा रकाना सोडून पुढची गाडी घेतो. त्याचं काहीच चुकलं नाही. मोजलं नाही, तर लिहिणार काय?

संध्याकाळी मुनीम आप्पांचा फोन. "काबरं भो, आज कापूस वाळवंटमाईन उना का? ओलावा शून्य शे!"

हसलो, पण हिशेब हसण्यासारखा नव्हता. एका व्यापाऱ्याच्या पाच गाड्या धरा. चार मोजल्या: ८, ९, १० आणि ९ टक्के. पाचवी मोजलीच नाही. सरासरी ९ यायला हवी. शून्य धरलं की ३६ भागिले ५, म्हणजे ७.२. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हा पाया असतो, त्यावर गेलं की भाव कापतात आणि १२च्या वर माल घेत नाहीत. ही जिनिंगही ८ची रेघ धरूनच घट कापायची. म्हणजे एका रिकाम्या रकान्याने ओला कापूस कागदावर सुका करून टाकला आणि घट शून्य झाली. एसक्यूएलचं सरासरी काढणारं एव्हीजी फंक्शन नल, म्हणजे 'किंमतच नाही' ही खूण, सोडून देतं, शून्य मात्र इमानदारीने मोजतं. सगळा घोळ या एका फरकाचा आहे.

पॅरामीटर काय करतं, काय करत नाही

पहिल्या हंगामात मी क्वेरीत स्ट्रिंग जोडून टाकायचो. चुकीचंच होतं, ते सांगायला नको. रिकामा रकाना म्हणजे दोन अवतरणचिन्हांमध्ये काहीच नाही, आणि तेव्हाच्या सर्व्हरवर स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीच्या किंमतीला एरर देऊन अडवणारी सेटिंग, नव्हता. तो नसला की मायएसक्यूएल रिकाम्या स्ट्रिंगला आकड्याच्या रकान्यात ० करतं, तारखेच्या रकान्यात सगळी शून्यं असलेली तारीख करतं, एक वॉर्निंग देतं आणि पुढे जातं. ती वॉर्निंग आपण कधी वाचतो? मी तर नाही वाचली.

मग कोणीतरी सांगितलं, पॅरामीटरवाली क्वेरी लिही, सगळं सुटेल. लिहिली. सुटलं नाही.

कारण पॅरामीटरचं काम वेगळं. क्वेरीचा सांगाडा आधी जातो, किंमत वेगळी जाते, तिलाच बाइंड करणं म्हणतात. कोणी गावाच्या रकान्यात अवतरणचिन्ह घालून ड्रॉप टेबल लिहिलं तरी ते गावाचं नावच राहतं, हुकूम होत नाही. इंजेक्शनपासून, म्हणजे असा हुकूम घुसवण्यापासून बचाव, तो पक्का. पण तुम्ही हातात रिकामी स्ट्रिंग दिली तर ते रिकामी स्ट्रिंगच पोचवणार. 'हे मोजलंच नव्हतं' हा अर्थ त्याला कुठून कळणार? हमालाने पोतं न सांडता गोदामात आणलं, पोत्यात काय होतं हा प्रश्न भरणाऱ्याचा.

त्यात मायएसक्यूएलआयचा, म्हणजे पीएचपीतून मायएसक्यूएलशी बोलायच्या एका सोयीचा, एक खास खड्डा आहे, आणि माझी दुसरी दिवाळी त्याच खड्ड्यात गेली. बाइंड पॅरामला प्रत्येक किंमतीचा प्रकार एका अक्षराने द्यावा लागतो: पूर्णांकाला आय, दशांशाला डी, मजकुराला एस. डी दिलं की पीएचपी ती किंमत सर्व्हरकडे पाठवण्याआधीच दशांशात बदलतं, आणि रिकाम्या स्ट्रिंगचा दशांश होतो ०. सर्व्हरला अगदी शुद्ध ० मिळतो. आता सर्व्हर कितीही स्ट्रिक्ट असू द्या, त्याने तक्रार कशाची करायची? मी दोन रात्री सर्व्हरच्या सेटिंगमध्ये घालवल्या, आणि चूक माझ्याच ओळीतल्या एका अक्षरात होती. पीएचपीचा खरा नल दिला तर हेच डी त्याला हात लावत नाही, नल तसाच जातो. एवढं माहीत असतं तर दोन रात्री झोपलो असतो.

नंतर पीडीओ या तशाच दुसऱ्या सोयीवर गेलो. एक्झिक्यूटला सगळ्या किंमती एका अॅरेत दिल्या की पीडीओ त्या मजकूर म्हणून धरतं, नल तेवढा नल राहतो. त्यात सर्व्हरही नवा झाला होता. मायएसक्यूएल ५.७पासून, म्हणजे २०१५पासून, स्ट्रिक्ट मोड मूळ सेटिंगमध्येच चालू असतो. आता पहिल्यांदा १३६६ दिसली. खरं सांगतो, ती एरर दिसली तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात खरं बोलणारी ती एकटीच होती.

आणि इथे दोन माणसांनी दोन 'उपाय' केले. इंटरनेटवर वाचून एका मित्राने सर्व्हरचा स्ट्रिक्ट मोड बंद केला. एरर गेली, शून्य परत आलं. त्याच्याही आधी काट्यावरच्या पोऱ्याने स्वतःचा मार्ग काढला होता: पावती अडकते ना, मग ओलाव्यात स्वतःच ० टाकायचा. रांग पुढे सरकली. त्याला दोष देऊ नका. ज्या फॉर्ममध्ये 'मोजलं नाही' म्हणायची सोयच नाही, तिथे माणूस खोटं लिहूनच पुढे जाणार.

रिकाम्याचे तीन प्रकार

सर्व्हरपर्यंत रिकामेपणा तीन रूपांत येतो, आणि तिन्ही वेगळे ओळखल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही.

पहिला, रकाना आला पण रिकामा. मजकुराचा किंवा आकड्याचा इनपुट न भरता सोडला की ब्राउझर नाव पाठवतो आणि किंमत म्हणून रिकामी स्ट्रिंग. पीएचपीची दोन प्रश्नचिन्हांची खूण इथे उपयोगाची नाही, ती फक्त नल किंवा न आलेली किंमत पकडते. पुष्कळांचा समज उलटा असतो.

दुसरा, रकाना आलाच नाही. टिक न केलेला चेकबॉक्स पाठवलाच जात नाही. डिसेबल्ड केलेला इनपुटही पाठवला जात नाही, रीडओन्ली मात्र पाठवला जातो. याने मला फटका दिलाय. रिकाम्या वजनाच्या फॉर्मवर भरलं वजन नुसतं दिसावं म्हणून मी ते डिसेबल्ड ठेवलं होतं, आणि खालची अपडेट क्वेरी सगळेच रकाने लिहायची. गाडी खाली झाली, रिकामं वजन भरलं, आणि भरलं वजन पुसलं गेलं! त्यावर उपाय क्वेरीतला नव्हता, डोक्यातला होता: रिकाम्या वजनाच्या फॉर्मने फक्त रिकामं वजन लिहावं. ज्या रकान्याशी त्या पानाचा संबंध नाही तो क्वेरीत येताच कामा नये. काही जण अशा वेळी कोअलेस वापरून 'नवीन नल असेल तर जुनी किंमत ठेव' असं लिहितात. चालतं, पण मग चुकून भरलेला ओलावा पुसून रिकामा करायचा मार्गच उरत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात चिवट: रकाना रिकामा नाही, पण आत कामाचं काही नाही. एक स्पेस, किंवा व्हॉट्सअॅपवरून चिकटवलेली न तुटणारी स्पेस, जी पीएचपीचं साधं ट्रिम काढत नाही. आणि ज्याने माझा तिसरा हंगाम खाल्ला तो प्रकार: मराठी आकडे. पोऱ्याने मोबाइलवर मराठी कीबोर्ड ठेवला होता. ओलावा '९.५' असा आपल्या देवनागरी आकड्यांत भरला. डोळ्याला बरोबर दिसतो. पीएचपीला मात्र त्यात इंग्रजी आकडा एकही दिसत नाही. दशांशात बदललं की ०. रिकाम्याचा बंदोबस्त केल्यावरही आठवड्याला एक-दोन शून्यं का येतायत म्हणून मी हैराण होतो. आप्पा म्हणाले, "भरेल शे ना भो, मी सोता पाह्यं." ते खरंच बोलत होते. भरलेलं होतं.

दुरुस्ती: दारातच विचारा

शून्य, नल की एरर, हा निर्णय बाइंड करण्याआधी, एकाच ठिकाणी आणि प्रत्येक रकान्यासाठी वेगळा घ्यायचा. मी प्रत्येक फॉर्मच्या किंमती आता या एका फंक्शनमधून नेतो. कोड मुद्दाम मराठीत लिहितोय, आपापल्या भाषेत उतरवा:

फंक्शन आकडा_किंवा_नल(किंमत)
  किंमत आलीच नसेल तर नल परत दे
  दोन्ही टोकांच्या सगळ्या प्रकारच्या स्पेस काढ
  देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदल
  लांबी ० असेल तर नल परत दे
  आकडा नसेल तर चूक दाखव, पुढे जाऊ नको
  आकडा परत दे

चौथ्या ओळीत 'लांबी ०' असंच लिहिलंय, 'एम्प्टी' नाही. पीएचपीचं एम्प्टी फंक्शन '०' या स्ट्रिंगलाही रिकामं म्हणतं. मी एकदा ते वापरलं, तेव्हा ओलाव्याचं दुखणं गेलं आणि उचलीचं सुरू झालं. शेतकऱ्याने उचल घेतली नाही म्हणून आप्पांनी मुद्दाम ० भरला, माझ्या कोडने त्याचा नल केला, आणि पट्टीत देय रक्कम कोरी आली. कारण आकड्यातून नल वजा केला की उत्तर नलच. गंमत म्हणजे '०.०' लिहिलं असतं तर एम्प्टीने ते भरलेलं मानलं असतं. जावास्क्रिप्टवाल्यांचा खड्डा उलट्या बाजूला आहे: तिथे नंबर या फंक्शनला रिकामी स्ट्रिंग दिली की सरळ ० मिळतो, नुसती स्पेस दिली तरी ०. म्हणून बदलण्याआधी लांबी बघायची, नंतर नाही.

पाचवी ओळही वगळू नका. आकडा नसलेलं काही आलं तर त्याचा नल करायचा मोह होतो. करू नका. रिकामं म्हणजे माणसाने काही सांगितलं नाही. 'नऊ टक्के' असं अक्षरी लिहिलं म्हणजे सांगितलंय, आपल्याला कळलं नाही. तिथे परत विचारायचं.

आता टेबल. ओलाव्याचा रकाना नॉट नल, म्हणजे नल न चालणारा, असेल तर तुमचा नल १०४८ची एरर घेऊन परत येईल. तो नल चालणारा करा. रिकामं वजनही तसंच, कारण गाडी आत असते तोवर ते खरंच माहीत नसतं. समजा भरलं वजन ५,४६० किलो, आणि गाडी अजून खाली व्हायचीय. रिकाम्या वजनात ० असेल तर निव्वळ कापूस ५,४६० किलो दिसतो, ट्रॅक्टर-ट्रॉलीसकट! नल असेल तर निव्वळ वजनही नल, आणि पट्टी निघत नाही. तेच हवंय. नंतर ३,४२० भरलं की २,०४० किलो, म्हणजे २० क्विंटल ४० किलो.

उचल मात्र नॉट नल ठेवली. तिथे रिकामं म्हणजे आप्पांच्या वहीत 'घेतली नाही' असाच अर्थ होतो, म्हणून फंक्शनकडून नल आला की मी स्वतः ० लिहितो. एकाच फॉर्मवरचे दोन रिकामे रकाने, दोन अर्थ. हे कोणतीही लायब्ररी तुम्हाला सांगणार नाही, मुनीमच सांगेल.

मायएसक्यूएल ८.०.१६ किंवा पुढचं असेल तर ओलाव्यावर चेकही लावा: शून्यापेक्षा जास्त आणि चाळीसपेक्षा कमी. त्याआधीच्या आवृत्त्या चेक लिहू देतात पण पाळत नाहीत. नल या चेकमधून सुखाने जातो, शून्य अडकतो. आपल्याला हवा तसाच पहारेकरी.

मोबाइल नंबर आणि दुसरा शेतकरी

हे पटकन. मोबाइलवर युनिक इंडेक्स आहे, म्हणजे तीच किंमत दोनदा चालत नाही. नंबर नसलेल्या पहिल्या शेतकऱ्याची रिकामी स्ट्रिंग साठवली, दुसऱ्याची आली की ती पहिल्यासारखीच, म्हणून १०६२. रिकामी स्ट्रिंग ही किंमत आहे, नल ही किंमत नाही. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल युनिक इंडेक्समध्ये कितीही नल चालवून घेतात. एसक्यूएल सर्व्हर एकच नल चालवतो, तिथे फिल्टर लावलेला इंडेक्स करावा लागतो. ओरॅकलची तऱ्हा आणखी वेगळी, तो रिकाम्या स्ट्रिंगलाच नल मानतो. माझ्या एका दोस्ताने धुळ्यात ओरॅकलवर शिकलेल्या सवयी मायएसक्यूएलवर आणल्या आणि महिनाभर डोकं खाजवत बसला.

शेऱ्यासारख्या मोकळ्या मजकुराला मी रिकामी स्ट्रिंगच ठेवतो. तिथे 'शेरा माहीत नाही' असं काही नसतं. दोन्ही मिसळू नका एवढंच, नाहीतर प्रत्येक शोधात दोन-दोन अटी लिहाव्या लागतात.

शोधाचं पान

गायब शेतकऱ्यांचं कारण असं होतं. गाव रिकामं असेल तर माझी क्वेरी 'लाइक'ला दोन टक्केचिन्हं द्यायची, म्हणजे 'काहीही चालेल'. पण ज्याचं गाव नल आहे त्याला ते चालत नाही, नल कुठल्याच लाइकशी जुळत नाही. बरोबरच्या चिन्हाशीही नाही: 'व्हेअर गाव = ?' लिहून नल बाइंड केला तर एकही ओळ येणार नाही. गाव नसलेलेच शोधायचे असतील तर 'इज नल' लिहावं लागतं, किंवा मायएसक्यूएलची नल ओळखणारी बरोबरीची खूण वापरावी लागते.

'(? इज नल ऑर गाव = ?)' ही युक्ती तुम्ही पाहिली असेल. चालते, पण पोस्टग्रेएसक्यूएल पहिल्या पॅरामीटरचा प्रकार कळला नाही म्हणून अडू शकतं, तिथे कास्ट देऊन प्रकार सांगावा लागतो. आणि पीडीओत इम्युलेशन (पीडीओने स्वतःच क्वेरीत किंमती भरून पाठवणं) बंद असेल तर एकच नावाचा पॅरामीटर दोनदा वापरता येत नाही. मला साधा मार्ग आवडतो. अटींची एक यादी, किंमतींची दुसरी. रकाना भरलेला असेल तरच दोन्हींत एकेक भर घालायची, शेवटी अटी 'अँड'ने जोडायच्या. क्वेरीच्या मजकुरात जोडली जाते ती माझीच अट, वापरणाऱ्याचा शब्द नाही. तो अजूनही पॅरामीटरमधूनच जातो. एकही अट नसेल तर 'व्हेअर' लिहू नका, आणि 'इन'ची यादी रिकामी असेल तर ती अटच टाळा, रिकाम्या कंसावर मायएसक्यूएल सिंटॅक्स एरर देतं.

जुन्या शून्यांचं काय

आधी बॅकअप. मग ओलाव्याची शून्यं नल करता येतात, कारण कापसाचा ओलावा खरोखर शून्य कधीच नसतो:

अपडेट आवक सेट ओलावा = नल व्हेअर ओलावा = ०

रिकाम्या वजनाचंही तसंच, शून्य किलोचा ट्रॅक्टर नसतो. उचलीच्या शून्यांना हात लावू नका. त्यात खरी कुठली आणि रिकाम्या रकान्यातून आलेली कुठली, हे टेबल पाहून ओळखता येत नाही. तिथे मी आप्पांच्या लाल वहीवरून दोन हंगामांच्या नोंदी ताडून पाहिल्या, चहा पीत, तीन रविवार. जुन्या सर्व्हरवरच्या सगळ्या शून्यं असलेल्या तारखाही याच वेळी नल करून घ्या. नाहीतर स्ट्रिक्ट मोडमध्ये त्या टेबलावर पुढचा आल्टर, म्हणजे रचना बदलणारा हुकूम, चालवायला गेलात की १२९२ची एरर तुमची वाट पाहत असेल.

तपासायला मी आता प्रत्येक फॉर्मवर पाच किंमती टाकून बघतो: काहीच नाही, नुसती स्पेस, इंग्रजी ०, मराठी ९.५, आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमधून रकानाच काढून टाकलेला. पाचही वेळा टेबलात काय गेलं ते थेट डेटाबेसमध्ये पाहतो, पानावर नाही; पानावर नलही कोरा दिसतो आणि रिकामी स्ट्रिंगही. आणि एरर दिसतील याची खात्री करा. पीडीओ पीएचपी ८.०पासून आणि मायएसक्यूएलआय पीएचपी ८.१पासून आपोआप एक्सेप्शन देतात, त्याआधीच्या पीएचपीवर ते स्वतः चालू करावं लागतं, नाहीतर क्वेरी पडली तरी पान हसतमुखाने 'नोंद झाली' म्हणतं.

काट्यावरच्या फॉर्ममध्ये शेवटी एक बटण वाढवलं: 'मीटर बंद'. ते दाबलं की ओलाव्याचा रकाना रिकामा ठेवता येतो आणि पट्टीवर 'ओलावा मोजला नाही' असं छापून येतं. पोऱ्याने ० टाकणं दुसऱ्या दिवशीपासून बंद केलं.